जास्तीची पानं

सत्तर पानांचा एक पुडा.
हे आईला शिकवावं लागत नाही,
तिची बोटंच मोजतात,
ओठ हलत नाहीत, नजर चुलीवरच्या भातावर.
म्हणून मी तिथूनच धरलं :
वर्षभर खेळून जे वर राहिले, ते सत्तर.
तेंदूचा एक पुडा समज.
आपला रैनू त्यात आहे.
अडुसष्टावा.

‘वरून का खालून?’

खालून, म्हटलं.
वाक बांधताना जे पान शेवटी हाताला लागतं
त्याच्या जरासं आत.

पहिल्या आठवड्यात सत्तरांचे पन्नास,
दुसऱ्यात पन्नासांचे तीस,
तिसऱ्यात तीसांतून एक.
पन्नास ऐकून ती हसली.
नदीपल्याड, तिच्या माहेरी, पुडा पन्नासाचाच.
‘मंग दोन्हीकडचं ठेवलं म्हणा त्यायनं.’

रैनूचा पहिला चेंडू मोहाची टोरी.
काठी बांबूची, बुडाशी वाकडी.
भोक खेकड्याचं, बांधीच्या पाळीवरचं.
टोरी आत गेली की खेकडा बाहेर,
आणि खेळ तिथंच संपायचा,
कारण रात्री खेकड्याचा रस्सा.

मग तो नागपुरात भिंती बांधायला गेला
आणि कुंपणापलीकडचं गवत बघत उभा राहिला.
सहा वर्षं साहेबांच्या पिशव्या वाहिल्या.
साहेब मागायच्या आत काठी काढून ठेवायचा,
वारा कुठला, उतार कुठं, सगळं आधी.
एकानं जाताना जुन्या सात काठ्या दिल्या.
आठवी त्यानं हप्त्यानं घेतली.

‘तीसात आला तर किती धरतील त्याचे?’
शून्य, म्हटलं.
तीसांचे सगळ्यांचे गुण पुसतात,
पहिल्याचेही, तिसाव्याचेही.
आई बराच वेळ बोलली नाही.
पहाटे तीनला टॉर्च घेऊन निघणारी बाई ती,
अस्वलाचा वास ओळखणारी.
‘काहून पुसतात? वर्ष का त्यायनं चाललं?’
मला उत्तर आलं नाही.
नियम वाचून दाखवला तर म्हणाली,
चिचघरे मुन्शीच्या वहीतही नियमच असतात.

गुरुवारी मी पाण्याच्या टाकीवर चढले.
गावात रेंज तिथंच, सातव्या पायरीपासून.
रैनू चव्वेचाळिसावा.
शुक्रवारी सत्तेचाळीस.
शनिवारी एकोणचाळीस, आणि टाकीखाली
निंदण सोडून आलेल्या अकरा बाया,
त्यांतल्या एकीलाही ठाऊक नाही गोल्फ म्हणजे काय,
पण एकोणचाळीस पन्नासाच्या आत येतं
हे सगळ्यांना ठाऊक.

रविवारी पाऊस भुरभुरत होता.
पडद्यावर नावं वरखाली सरकत होती
फळीवर उलटवत जावेत तसे पुडे.
शेवटच्या भोकाशी चार फूट उरले.
चार फूट म्हणजे आमच्या उंबऱ्यापासून रांजण.
चेंडू काठाला लागला, काठावरून फिरला,
आणि बाहेरच बसला,
खेकडा आत असल्यासारखा.

बावन्नावा.

खाली उतरताना पायऱ्या मोजल्या, चुकल्या.
आई निंदणाचा चिखल पायावरून खरवडत होती.
सांगितलं.
तिनं बोटांवर काही केलं,
मग पाटीतलं जुनं वाक काढलं, हातात गुंडाळलं.

हे मी लहानपणापासून बघते :
आई प्रत्येक पुड्यात दोन पानं जास्तीची घालते.
एखादं फाटकं निघालं, एखाद्याला फोड असला,
तर मुन्शीनं पुडा फेकू नये म्हणून.
त्या दोन पानांचे पैसे कोणी देत नाही.
वहीत ती लिहिलीही जात नाहीत.
पण विडी त्यांचीही होते.

‘मंग पन्नासाच्या पुड्यात,’ ती म्हणाली,
‘बावन्न असतातच ना बापा.
हे घालत नाईत का जास्तीचे?’

रात्री रैनूचा फोन आला.
मी काही बोलायच्या आत तिनं हातातून घेतला,
पायऱ्या चढून सातवीवर उभी राहिली
आणि ओरडून विचारलं,
जेवला का.